पाकिटातल्या अन्नाची एवढी ओरड का? अल्ट्रा-प्रोसेस्ड फूड आणि शहरातलं रोजचं जेवण

नोव्हेंबर २०२५मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अल्ट्रा-प्रोसेस्ड अन्नावर तीन शोधनिबंधांची मालिका आली आणि तेव्हापासून हा शब्द बातम्यांतून सारखा समोर येतोय. वाचणाऱ्याच्या हाती मात्र बहुतेक वेळा भीती आणि एक लांबलचक यादी एवढंच लागतं. ब्रेड टाळा, बिस्किटं टाळा, सॉस टाळा; साधं दही चालेल, फळांच्या चवीचं दही चालणार नाही. मोठ्या शहरात दिवसाचे दोन-तीन तास प्रवासात जातात, घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही आणि ओट्यावर दोन भांडी मांडली की जागा संपते. अशा घरात ती यादी पाळायची कशी, हे बातमीत नसतं.

यादी पाठ करण्यापेक्षा तिच्यामागचं कारण समजून घेणं जास्त कामाचं. कारण कळलं की कुठलंही पाकीट हातात घेऊन स्वतः ठरवता येतं, आणि बदल दिवसाच्या कोणत्या वेळी करायचा तेही लक्षात येतं.

## ‘प्रक्रिया’ नेमकी कशाला म्हणायचं?

गहू दळणं ही प्रक्रिया. दूध तापवणं, विरजण लावणं, शेंगदाणे भाजणं, वाटाणे गोठवणं, या सगळ्या प्रक्रियाच. माणूस हजारो वर्षं हे करत आलाय आणि त्यामुळे अन्न टिकू लागलं, पचायला सोपं झालं, त्यातले रोगजंतू मेले. तेव्हा ‘प्रक्रिया केलेलं सगळं वाईट’ हे वाक्य सुरुवातीलाच सोडून देऊ.

ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी २००९मध्ये प्रश्न जरा बदलून विचारला: अन्नावर प्रक्रिया कशा प्रकारची झाली आणि कशासाठी? त्यातून ‘नोव्हा’ ही चार गटांची वर्गवारी उभी राहिली. हे कुठल्या लांब नावाचं लघुरूप नाही. पोर्तुगीज भाषेत नोव्हा म्हणजे नवी. पहिल्या गटात धान्य, डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, अंडी, दूध, साधं दही, ताजं किंवा गोठवलेलं मांस-मासे येतात. दुसऱ्या गटात आपण स्वयंपाकात वापरतो ते तेल, लोणी, साखर, मीठ. पहिल्यात दुसरा मिसळून टिकवलेले पदार्थ तिसऱ्या गटात: खारे दाणे, चीज, डब्यातले वाटाणे, भट्टीतला साधा पाव. आणि चौथा गट म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्ड. मका, सोया, गहू, पाम यांसारख्या पिकांचे कारखान्यात आधी घटक सुटे करायचे (स्टार्च, प्रथिनं, तेल, साखरेचे पाक) आणि मग रंग, स्वाद आणि घट्टपणा देणारी द्रव्यं घालून त्यांचा नवा पदार्थ घडवायचा. शीतपेयं, पाकिटातले कुरकुरीत पदार्थ, इन्स्टंट नूडल्स, गोड न्याहारीचे सीरियल्स, मांसाच्या लगद्यापासून बनवलेले पदार्थ, बरीचशी बिस्किटं आणि कारखान्यातला बराचसा ब्रेड या गटात मोडतो.

पुढे या लेखात त्याला ‘चौथा गट’ एवढंच म्हणू.

## वीस माणसं आणि अठ्ठावीस दिवस

चौथ्या गटातलं जास्त खाणाऱ्यांना लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त होतात, हे पाहण्यांमधून बरंच आधीपासून दिसत होतं. २०२४मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने अशा पाहण्यांच्या ४५ एकत्रित विश्लेषणांचा आढावा छापला, त्यांत मिळून सुमारे १ कोटी माणसं होती. पण पाहणीची एक अडचण असते. जो रोज पाकिटातलं खातो तो कदाचित कमी झोपतो, जास्त सिगारेट ओढतो, कमी कमावतो. मग दोष अन्नाचा की बाकीच्या आयुष्याचा?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने एक प्रयोग केला आणि २०१९मध्ये तो प्रसिद्ध केला. १० पुरुष आणि १० स्त्रिया, चार आठवडे संस्थेतच मुक्काम. दोन आठवडे जवळजवळ सगळं चौथ्या गटातलं जेवण, दोन आठवडे पहिल्या गटातलं. कोणाला आधी कोणतं, हे चिठ्ठी टाकून. समोर ठेवलेल्या ताटांमधल्या कॅलरी, साखर, मेद, सोडियम आणि चोथा दोन्ही वेळी जुळवलेला होता. (चोथा म्हणजे पाकिटावर ज्याला फायबर म्हणतात ते. आणि कॅलरी म्हणजे इथे किलोकॅलरी, बोलण्यात म्हणतो तशी.) जेवढं हवं तेवढं खा, नको असेल तर ठेवा, इतकीच सूचना.

चौथ्या गटाच्या दिवसांत माणसांनी रोज सरासरी सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन आठवड्यांत वजन ०.९ किलो वाढलं. दुसऱ्या जेवणावर तेवढंच, ०.९ किलो, उतरलं. गंमत म्हणजे चवीला किती गुण द्याल असं विचारल्यावर दोन्ही जेवणांना जवळपास सारखेच गुण मिळाले होते. म्हणजे ‘चविष्ट होतं म्हणून जास्त गेलं’ एवढ्यावर हा फरक उलगडत नाही.

एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. चौथ्या गटाचं जेवण माणसं भराभर खात होती: मिनिटाला सुमारे १७ कॅलरी जास्त.

## टाकी, पंप आणि वरून येणारी हाक

इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरताना कोणीतरी वर उभं असतं. टाकी भरली की तो हाक मारतो आणि खाली पंप बंद होतो. हाक ऐकून खालचा माणूस बटणापर्यंत पोचायला एक मिनिट लागतं असं धरा. पंप लहान असेल तर त्या मिनिटात बादलीभर पाणी वाया जाईल. पंप मोठा असेल तर जिन्यावरून ओघळ येईल. हाक तीच, उशीरही तोच.

पोटाचं असंच आहे. जठर ताणलं गेलं याचा संदेश आणि आतड्यातून सुटणारी तृप्तीची संप्रेरकं मेंदूपर्यंत पोचून त्यांचा पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो, ढोबळमानाने पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्या वेळात घासामागून किती कॅलरी आत गेल्या, यावर जेवणाचा हिशेब ठरतो.

हा वेग दोन गोष्टींनी वाढतो. पहिली, वजनाच्या मानाने कॅलरी. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८५ ते ९० कॅलरी असतात. १०० ग्रॅम बटाट्याच्या चिप्समध्ये ५३० ते ५५०. पाणी काढून तेल भरलं की तोच बटाटा सहापट दाट होतो. हॉल यांच्या प्रयोगातही पेयं वगळली तर चौथ्या गटाचं अन्न वजनाला जवळपास दुप्पट दाट होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि पाकिटावर ती कुठेच छापलेली नसते: अन्नाची बांधणी. १९७७मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी १० जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं. अख्खं, लगदा करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत ६० ग्रॅम. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा ११ पट वेगाने संपला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त, रसाने सगळ्यात कमी. शिवाय रसानंतर रक्तातली साखर चढून नंतर जी खाली घसरली, तशी अख्ख्या सफरचंदानंतर घसरली नाही. घटक तेच होते. फक्त भिंत पाडून विटा सुट्या केल्या होत्या. भिंतीतून एकेक वीट काढायला वेळ लागतो. सुट्या विटांचा ढीग पाटीने उचलता येतो.

बदामाचंही तसंच. २८ ग्रॅम बदामांत नेहमीच्या सूत्राने १७० कॅलरी निघतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२मध्ये प्रत्यक्ष मोजलं तेव्हा शरीराला मिळाल्या १२९. उरलेला मेद पेशींच्या भिंतीत अडकून तसाच बाहेर पडला. चौथ्या गटाच्या पदार्थात ही भिंत बहुधा कारखान्यातच पाडलेली असते, म्हणून ते तोंडात विरघळतं, दातांना काम नाही आणि हाक यायच्या आत पाकीट संपतं.

## मग रंग, स्वाद, पायसीकारकं यांचं काय?

तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी काही द्रव्यं, म्हणजे पायसीकारकं, उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर वाईट परिणाम करतात असं २०१५मधल्या प्रयोगात दिसलं आणि माणसांवर अभ्यास चालू आहेत. पण एखाद्या अवघड नावाच्या द्रव्याला घाबरून सगळं लक्ष तिकडे वळवलं तर आजच हाताशी असलेल्या गोष्टी, म्हणजे साखर, मीठ, चोथा आणि वेग, मागे पडतात. पाकिटावर अशी नावं जास्त दिसली तर ती खूण समजा: हा पदार्थ चौथ्या गटातला आहे.

## शहर यात कुठे येतं?

गावात असो की शहरात, पाकीट सगळीकडे पोचलंय. पण शहर आपल्याकडून वेळ काढून घेतं आणि चौथा गट तोच वेळ परत विकतो. चिरणं नाही, शिजवणं नाही, भांडी नाहीत. दिवसाचं वेळापत्रक नीट पाहिलं तर धोक्याची वेळ बहुतेकांच्या बाबतीत एकच असते: दुपारच्या जेवणानंतर पाच-सहा तासांनी, काम संपताना किंवा घरी पोचल्यावर. त्या वेळी पोट रिकामं, डोकं थकलेलं आणि खरं जेवण अजून तासभर लांब. त्या तासात जे हाताला लागेल ते पोटात जातं. त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं अन्यायाचं आहे. भुकेल्या माणसाने समोरचं अन्न खावं हे शरीराच्या दृष्टीने योग्यच आहे. समोर काय असेल, एवढंच आपल्या हातात असतं, आणि तेही सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठरवलं तर.

झोपेचाही इथे संबंध आहे. लवकरची गाडी आणि उशिराचं काम यांच्यामध्ये झोप कापली जाते. झोप कमी मिळालेली माणसं दुसऱ्या दिवशी सरासरी ३८५ कॅलरी जास्त खातात, असं अशा प्रयोगांचं २०१७मध्ये केलेलं एकत्रित विश्लेषण सांगतं. म्हणून रात्री अकराला उद्याची भाजी चिरत बसून झोपेचा तास घालवणं हा सौदा परवडणारा नाही. स्वयंपाकाचं काम आठवड्यातल्या अशा तासांत न्यावं लागतं जिथे ते झोपेवर पडत नाही.

## पाकीट उलटं करून वाचायचं ते असं

पाकिटाचा पुढचा भाग जाहिरात असतो. ‘मल्टीग्रेन’, ‘फळांच्या गुणांसह’, ‘कोलेस्टेरॉल नाही’ हे सगळं बाजूला ठेवून मागचं वाचा.

आधी घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिल्या तीन घटकांतच पदार्थाचा जीव असतो. ‘गव्हाचा’ म्हणून विकलेल्या पदार्थात पहिलं नाव मैद्याचं असेल आणि अख्खा गहू सहाव्या जागी असेल, तर तो मैद्याचाच पदार्थ. साखर दोन-तीन नावांनी विखुरलेली असते, म्हणजे ती एकटी पहिल्या जागी येत नाही: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, मध, फळांचा आटवलेला रस. ही सगळी मनात एकत्र करा. माल्टोडेक्स्ट्रिन, हायड्रोजनेटेड तेल, ‘आयसोलेट’ प्रथिनं, वेगळा घातलेला स्वाद यांपैकी काही दिसलं तर चौथा गट. त्यातही तेल ‘अर्धवट हायड्रोजनेटेड’ (पार्शियली हायड्रोजनेटेड) असेल तर ते पाकीट सरळ खाली ठेवा. त्यातून ट्रान्स फॅट येतो, आणि ट्रान्स फॅट दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १ टक्क्यापेक्षा कमी असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग तक्ता. इथे चूक होते ती एकाच ठिकाणी: आकडे ‘एका सर्व्हिंग’चे (एका वेळी खायचं म्हणून कंपनीने धरलेलं माप) किंवा १०० ग्रॅमचे असतात आणि माणूस खातो अख्खं पाकीट. बिस्किटांच्या १२० ग्रॅमच्या पुड्यावर २० ग्रॅमच्या सर्व्हिंगला साखर ५ ग्रॅम लिहिली असेल तर पुड्यात ३० ग्रॅम आहे. साखरेचे ग्रॅम चारने भागा, चमचे मिळतील: साडेसात. संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम. त्याच्याही निम्मी असेल तर जास्त चांगलं. ३३० मिलिलिटरच्या गोड शीतपेयाच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम असते.

मिठासाठी सोडियम बघा आणि २.५ने गुणा. समजा नूडल्सच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १००० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचं. म्हणजे सोडियम ७०० मिलिग्रॅम आणि मीठ पावणेदोन ग्रॅम. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाची. एका छोट्या पाकिटात तिसरा हिस्सा गेला, आणि अजून जेवण व्हायचंय.

धान्याच्या पदार्थांसाठी आणखी एक सोपी कसोटी आहे: एकूण कर्बोदकांना १०ने भागा. चोथा त्या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर पदार्थ बरा. ५० ग्रॅम कर्बोदकं असलेल्या ब्रेडमध्ये ५ ग्रॅम चोथा हवा. दुकानात फळीपुढे उभं राहून हे दहा सेकंदांत जमतं.

## ‘म्हणजे आता ब्रेडसुद्धा बंद?’

नाही. नोव्हावरचा सगळ्यात रास्त आक्षेप हाच आहे की चौथा गट फार पसरट आहे. शीतपेय आणि अख्ख्या गव्हाचा कारखान्यातला ब्रेड त्यात शेजारी बसतात. २०२३मध्ये युरोपातल्या ७ देशांमधल्या २,६६,६६६ लोकांच्या अभ्यासात चौथ्या गटाचे पोटविभाग वेगळे करून पाहिले. एकाहून अधिक गंभीर आजार जडण्याचा संबंध गोड पेयं आणि मांसापासूनचे तयार पदार्थ यांच्याशी दिसला. ब्रेड आणि सीरियल्स यांच्याशी तसा दिसला नाही.

२०२५मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगाने आणखी एक दुवा जोडला. ५५ जणांना आठ आठवडे चौथ्या गटाचं आणि आठ आठवडे कमी प्रक्रियेचं जेवण दिलं, दोन्ही सरकारी आहारसूचनांत बसणारी, म्हणजे मीठ-साखर-मेद हिशेबात आणि फळं-भाज्या पुरेशा. वजन दोन्हींवर उतरलं: चौथ्या गटावर १.०५ टक्के, कमी प्रक्रियेच्या जेवणावर २.०६ टक्के.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर शहरातल्या माणसाला दिलासा मिळायला हवा. चौथ्या गटातही निवड करता येते आणि तिचा फायदा होतो. चोथ्याची कसोटी पार करणारा ब्रेड, त्याच्याबरोबर दोन अंडी आणि एक काकडी, ही चांगली न्याहारी आहे. तोच ब्रेड, वर गोड लेप आणि शेजारी गोड पेय, ही वाईट.

## ‘पण शिजवायला वेळच नाही’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला ‘इच्छा असेल तर वेळ मिळतो’ असं उत्तर देणं बरोबर नाही. रोजचा स्वयंपाक बऱ्याच लोकांना खरंच झेपत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी साधारण दीड तास, एवढ्यावर बेतलेली एका माणसाची सोय अशी.

२५० ग्रॅम कोरडं कडधान्य रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून नव्या पाण्यात शिजवा. शिजून ६०० ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे १५० ग्रॅमचे चार वाटे. एका वाट्यात साधारण १२ ग्रॅम प्रथिनं आणि कडधान्य पाहून ८ ते ११ ग्रॅम चोथा; दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा लागतो. राजमा असेल तर एक काळजी: कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते मंद आचेवर नष्ट होत नाही. भिजवून, प्रेशर कुकरमध्ये किंवा खळखळत्या उकळीवर नीट शिजवा. विजेच्या मंद कुकरमध्ये थेट टाकू नका. अर्धकच्च्या दाण्यांनी उलट्या होतात.

कडधान्य शिजतंय तोवर सहा अंडी १० मिनिटं उकडून घ्या. सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात. भाज्या दोन प्रकारच्या आणा: काकडी, टोमॅटो, गाजर अशा कच्च्या खाता येणाऱ्या, आणि गोठवलेल्या. गोठवलेल्या भाज्यांना कमी लेखू नका. त्या तोडल्यावर लवकरच वाफवून गोठवतात, त्यामुळे फ्रीजमध्ये पाच दिवस कोमेजलेल्या ‘ताज्या’ भाजीपेक्षा त्यांच्यात क जीवनसत्त्व कमी नसतं. त्या पचपचीत होतात ते वितळवून शिजवल्यामुळे. गोठलेल्याच, तापलेल्या पसरट भांड्यात, थोड्या थोड्या टाका आणि झाकण ठेवू नका. सगळ्या एकदम ओतल्या की भांडं थंड पडतं आणि भाजी स्वतःच्या पाण्यात उकडते.

दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या हव्यात. बटाटे त्यात धरत नाहीत. आकडा मोठा वाटतो, पण दोन मध्यम फळं आणि भरलेली एक वाटी शिजवलेली भाजी एवढ्यात तो गाठता येतो.

आता त्या धोक्याच्या तासासाठी: बॅगेत एक फळ आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे किंवा बदाम. घरी पोचायच्या आधी, प्रवासातच खाऊन टाका. चावायला वेळ लागतो आणि पोचेपर्यंत ती हाक मेंदूपर्यंत पोचलेली असते. मग कडधान्य, भाजी आणि भात किंवा ब्रेड असं जेवण १५ मिनिटांत जुळतं आणि मधला तास पाकिटाशिवाय निघतो. एकच गोष्ट बदलायची ताकद असेल तर हीच बदला.

## शिजवून ठेवलेलं बिघडतं कुठे?

आठवड्याचा स्वयंपाक करणारे बहुतेक लोक एका ठिकाणी चुकतात: मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर निवत ठेवतात, किंवा गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलतात. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. मोठ्या पातेल्याचा मधला भाग फ्रीजमध्येसुद्धा कित्येक तास याच पट्ट्यात राहतो. अन्न पसरट डब्यांत काढा, थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि शिजल्यापासून दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा. खोली ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एका तासात. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या आत हवं. डबे खेटून ठेवले तर गार हवा फिरत नाही, म्हणून मध्ये बोटभर जागा सोडा. तीन-चार दिवसांत लागेल तेवढंच फ्रीजमध्ये, बाकीचं पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये.

भाताचं विशेष सांगायला हवं, कारण त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास बदलत नाही, चव बदलत नाही. म्हणून भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. कोणताही डबा एकदाच गरम करा, मधून वाफ येईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच ढवळा, नाहीतर कडा उकळतात आणि मधला भाग कोमट राहतो.

## बाहेरून मागवलेलं जेवण कोणत्या गटात?

बऱ्याचदा चौथ्या गटात नसतंच. ते कुणीतरी कढईत शिजवलेलं असतं. तिथला प्रश्न तेल, मीठ आणि आकारमान यांचा. आठवड्यातून दोन-तीनदा मागवावं लागत असेल तर पेय आणि गोड मागवू नका, एकाचं जेवण दोन भागांत काढून दुसरा भाग आधीच फ्रीजमध्ये ठेवा, आणि सोबत घरची कच्ची भाजी व एक वाटी साधं दही घ्या. तळलेल्या जागी भाजलेलं किंवा वाफवलेलं मिळत असेल तर ते.

## साखर नसलेली पेयं?

गोड पेयाच्या जागी तात्पुरती ठीक. पण वजन आटोक्यात ठेवायला कृत्रिम गोडव्यावर भिस्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट सांगितलंय. आधीच मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू केलेली नाही. त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं.

## कोणी जपून बदल करावा?

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदकं अचानक कमी केली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना कडधान्यं, सुकामेवा आणि काही फळं यांतलं पोटॅशियम किंवा प्रथिनं मोजून घ्यावी लागतात. वर दिलेली मापं त्यांच्यासाठी नाहीत. डॉक्टरांना दाखवून आपली ठरवून घ्यावीत. शेंगदाणे-बदाम पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, बारीक कूट करून द्या.

आणि चोथा एकदम वाढवू नका. ज्याचं पोट वर्षानुवर्षं मैद्यावर चाललंय त्याने पहिल्याच दिवशी कडधान्याचे दोन वाटे खाल्ले तर वायू धरणार, पोट फुगणार, आणि ‘मला हे सोसत नाही’ म्हणून तो पुन्हा पाकिटाकडे वळणार. पहिल्या आठवड्यात अर्धा वाटा, मग हळूहळू पूर्ण, पाणी जास्त. मिठाचंही तसंच: कमी मिठाचं जेवण सुरुवातीला बेचव लागतं, पण काही आठवडे टिकलात तर जीभ सरावते आणि पूर्वीच्याच पाकिटातला पदार्थ खारट लागू लागतो.